फॅमिलीची वाट

आमच्या रत्नागिरीच्या घरमालकांना चढ हा शब्द मान्य नव्हता. त्यांच्या मते पृथ्वीवर दोनच प्रकारचे रस्ते होते. एक उताराचा आणि दुसरा थोड्या वेळाने उताराचा. धापा टाकत, कमरेवर हात ठेवून तुम्ही डोंगराच्या मध्यावर उभे असलात, तरी ते गालात पान सरकवून शांतपणे म्हणायचे, "आता उतारच हाय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते घर बघायला गेलो तेव्हा. नवऱ्याची कराडहून बदली झालेली, मुलगी तीन वर्षांची, आणि शहरातली भाडी ऐकून माझं डोकं उठलेलं. कोणीतरी सांगितलं म्हणून आरे-वारेच्या अलीकडच्या एका वाडीत गेलो. मी विचारलं, इथून समुद्र किती लांब? काका म्हणाले, ह्या काय, मागेच. पान तोंडात टाकलं की संपायच्या आत पोचलाव. मी भुलले. काका एकच पान सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत पुरवतात, हे मला पुढे कळलं.

काका एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते गाडीतून पुरते उतरले नव्हते. स्वयंपाकघरात दोन माणसं समोरासमोर आली की ते बाहेरून ओरडत, "पुढे सरका, दार मोकळं ठेवा." काकू पोळपाट-लाटण्यासकट सरकत. आमच्याकडे पाहुणे आले की पायरीवर उभे राहून मुंडकी मोजत. त्यांना कोणी बसलेलं बघवत नसे आणि उभं असलेलंही बघवत नसे.

आणि दर रविवारी सकाळी ते माणसं गोळा करून समुद्रावर चालत नेत. फुकट. भाडेकरू, भाडेकरूंचे पाहुणे, मुंबईहून सुट्टीला आलेले वाडीतले चाकरमानी, रस्ता चुकलेले पर्यटक, कोणीही चाले. फाटकाशी त्यांनी एक पाटी लावली होती. पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं: 'समुद्राकडे जाणारी सोपी वाट. खास फॅमिलीसाठी.'

बाहेरची माणसं ही पाटी वाचून खूश होत. बायकापोरांना जमेल अशी वाट, म्हाताऱ्यांना चालेल, असा साधा अर्थ ते काढत. वाडीतल्या लोकांना मात्र ठाऊक होतं की काका फॅमिली म्हणतात ते काकूंना. त्यांच्या पिढीचे पुरुष बायकोला बायको म्हणायला लाजतात. फॅमिली गावाला गेलीय, फॅमिलीला बरं नाही, फॅमिलीला विचारून सांगतो. तर ही वाट एवढ्या मेहनतीने तयार केली होती ती एका माणसासाठी, आणि ते माणूस वाटेवर पाऊल टाकायला तयार नव्हतं.

त्याचं कारण काकूंनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, तेही वाल सोलता सोलता, कालच घडल्यासारखं. काकू लांज्याच्या. लांजा म्हणजे हायवेवरचं गाव, समुद्राचा पत्ता नाही. बघायला आले तेव्हा काकांनी एवढंच एक आश्वासन दिलं होतं, की समुद्र घराच्या मागेच हाय. काकूंनी त्यावर होकार दिला. लग्नानंतर पूजा आटोपली आणि दुसऱ्याच सकाळी काका नव्या नवरीला समुद्र दाखवायला घेऊन निघाले. अंगावर लग्नातली साडी, पायात माहेरहून आणलेली नाजूक चप्पल. बागेतून चढ, पाणंदीतून चढ, मग करवंदीच्या जाळ्या. प्रत्येक वळणावर "आता उतारच हाय." सड्यावर पोचल्यावर चपलेचा अंगठा तुटला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा काळा-तांबडा उघडा कातळ; ऊन चढलं की त्यावर भाकरी भाजावी. (आमच्याकडे सडा म्हणजे अंगणात शिंपडायचं शेणपाणी. 'सड्यावरून जायचंय' असं ऐकून पहिल्या रविवारी मी साडी वर खोचून तयार राहिले होते. असो.) काकू तुटकी चप्पल हातात घेऊन तशाच अनवाणी मागे फिरल्या. घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं की ह्या माणसाबरोबर आपण समुद्रावर जाणार नाही. गेलो तर चाकांवरून.

शब्द त्यांनी पाळला. रविवारी आम्ही डोंगरावरून चालत निघालो, की काकू सागरी महामार्गाने रिक्षातून निघत. सोबत घावण्यांचा डबा, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि कोकम सरबताची बरणी. आम्ही घामाघूम होऊन किनाऱ्यावर उतरेपर्यंत सुरूच्या झाडांखाली चटई अंथरून त्या पाय पसरून बसलेल्या असत. येताना कोणीच चालत येत नसे. काकासुद्धा रिक्षात काकूंशेजारी बसून येत. ड्रायव्हरला दर वळणावर सूचना देत.

जाताना मात्र त्यांचा रुबाब बघण्यासारखा असे. चालणाऱ्यांना ते उतारू म्हणत. निघताना हातातल्या किल्ल्यांचा जुडगा फाटकाच्या दांडीवर दोनदा आपटत, म्हणजे डबल बेल. वाटेवर थांबे होते. काजू थांबा, विहीर थांबा, मोठा कातळ. प्रत्येक थांब्यावर त्यांनी काकूंचा विचार करून काहीतरी केलं होतं. विहिरीशी जांभ्या दगडाचे दोन चिरे मांडून बैठक, कारण काकूंची कंबर दुखते. करवंदी दर महिन्याला छाटलेली, कारण साडी अडकते. सड्याच्या कडेला पाण्याचा माठ, त्यावर करवंटीचा ओगराळा. उतरणीला बांबूचा कठडा. हे सगळं ते उतारूंना सांगत, "फॅमिलीला बरं पडतं," आणि आम्ही फॅमिलीवाले त्या सोयींचा निर्लज्जपणे फायदा घेत असू.

सड्यावर ते एक कातळचित्रही दाखवायचे. या भागात कातळावर फार जुनी कोरलेली चित्रं सापडतात, मोठमोठी माणसं येऊन बघून जातात. काकांनी स्वतः एक शोधून काढलं होतं. लांबलचक मासा, त्याला दात. ते गंभीरपणे त्याच्याभोवती फेरी मारून हात जोडत. माझ्या नवऱ्याने एकदा नीट वाकून बघितलं आणि म्हणाला की हे जेसीबीच्या बकेटचे ओरखडे वाटतात. काका त्याच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत. गणपतीत बोलले ते एवढंच, "त्या काळी पण जेसीबी असतील."

आणि खांद्यावरची पिशवी. तिच्यात टॉर्च, दोरी, लिंबाच्या गोळ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बायकी चपलांचा नवाकोरा जोड. काकू कधीतरी येतील, त्यांची चप्पल कधीतरी तुटेल, तेव्हा पुन्हा तोंड लपवायची पाळी नको, म्हणून तो जोड दर रविवारी डोंगर चढून उतरत असे. हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, काकूंसकट. दर शनिवारी काका चपला पुसून वर्तमानपत्र बदलत आणि काकू पलीकडे बसून तांदूळ निवडत. एकदा सड्यावर माझी चप्पल तुटली तेव्हा मी आशेने पिशवीकडे बघितलं. काकांनी पिशवीत हात घातला, थोडा विचार केला आणि मला दोरी काढून दिली. मला तेव्हा रागच आला होता. पायाला दोरी बांधून मी किनाऱ्यापर्यंत गेले आणि मनात काकांचा उद्धार करत गेले.

माझे सासरे, आबा, रत्नागिरीला पहिल्यांदा आले ते त्या वर्षीच्या थंडीत. आबा कराडजवळच्या खेड्यातले. पायात वहाणा अशा, की दोन म्हशींचं कातडं लागलं असावं. स्वभाव तसाच, कडक पण टिकाऊ. तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत गोदीत होते. तिथे येता-जाता "ए घाटी" अशी हाक ऐकून त्यांचे कान जे तापले ते अजून निवाले नव्हते. घरात हा शब्द कोणी काढत नसे. आमच्या स्वयंपाकघरातल्या शेंगदाण्याच्या चटणीचं नावसुद्धा आम्ही बदललं होतं.

आता गंमत अशी, की कोकणात डोंगरावरून खाली उतरणाऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या अवघड वाटेला घाटी म्हणतात. मला ते माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं. आबांना सांगायचं दोघांनाही सुचलं नाही.

सड्यापर्यंत आबा मजेत आले. नात खांद्यावर, आणि काकांशी बैल आणि एस.टी. यांत जास्त हट्टी कोण यावर चर्चा. सड्याच्या कडेला, जिथून खाली समुद्र दिसायला लागतो, तिथे काकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना थांबवलं. त्या दिवशी आम्हीच तेवढे उतारू होतो, तरी त्यांनी भाषण सोडलं नाही. ते आबांकडे तोंड करून म्हणाले:

"आता हितनं फुडे घाटी. घाटीवर भरवसा ठेवायचा नाय. घाटीला कितीही सुधारा, एक पावसाळा गेला की परत मूळपदावर. मी किती वर्सं घाटीला वळण लावतोय, पण काय उपयोग नाय. घाटीत दगडच भरलेत."

आबांनी नातीला खाली ठेवलं.

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. तोपर्यंत आबा कडेच्या चिऱ्यावर जाऊन बसले होते, समुद्राकडे पाठ करून. आपण खाली येणार नाही आणि इथे राहणारही नाही, संध्याकाळच्या गाडीत बसवून द्या, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा समजवायला गेला, की आबा, घाटी म्हणजे रस्ता. आबा म्हणाले, तू गप, तू त्येचा भाडेकरू हायेस. मी बोलायला गेले तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी कातळावरचं गवत बघायला लागले. मला खरंच रडू येत होतं. आबांनी चार दिवस राहावं, नातीबरोबर समुद्रात पाय भिजवावेत, एवढ्यासाठी मी किती महिने फोन करत होते. आणि आता ते पाठ फिरवून बसले होते.

शेवटी काका स्वतः पुढे झाले. त्यांना आपलं काय चुकलं ते एव्हाना समजलं होतं. हात जोडून म्हणाले, "अहो, घाटी म्हंजे तुमी नाय. ती तुमच्या पायाखाली हाय ती."

"आता पायाखाली बी घातलंत का आमास्नी?" आबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिथे ना गाडी येते ना सावली. मागे फिरावं तर सगळा कातळ पुन्हा तुडवायचा, पुढे जावं तर आबा हलत नाहीत. माठातलं पाणी मुलीने बाहुलीला आंघोळ घालण्यात निम्मं संपवलेलं. काकांनी कडेला जाऊन किनाऱ्यावर काकूंना फोन लावला. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. "पाव्हणे घाटीवर रुसलेत," ते म्हणाले. आबांच्या मिटल्या डोळ्यांच्या भुवया वर गेल्या. काकू बहुधा विचारत होत्या की किती वर यावं लागेल. काका म्हणाले, "ह्या काय, उतारच हाय."

पलीकडून फोन बंद झाला.

काकू येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. त्या रिक्षावाल्याला पाठवतील, असं काका म्हणत होते. पण पाहुणा डोंगरावर उपाशी बसलाय आणि आपण सावलीत घावणे राखत बसलोय, हे काकूंना सहन होण्यासारखं नव्हतं. बऱ्याच वेळाने घाटीच्या तोंडाशी आधी एक अंबाडा दिसला, मग लालबुंद चेहरा. पदर खोचलेला, दोन्ही चपला हातात. एकीचा पट्टा लोंबत होता.

त्या वर आल्या, कमरेवर हात ठेवला आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "उतार?"

काकांच्या तोंडातलं पान थांबलं. इतक्या महिन्यांत ते मी पहिल्यांदाच थांबलेलं बघितलं.

काकूंनी मग त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. माठातलं उरलेलं पाणी प्यायल्या आणि आबांच्या शेजारच्या चिऱ्यावर टेकल्या. श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आता मी जी चढून आले ना, ती घाटी. खालपासून वरपरत तिला शिव्या देत आले. तुमाला एक पण दिली नाय."

आबांनी डोळे उघडले. मान वळवून त्या वाटेकडे पाहिलं. उभी दगडी वाट, मध्येच वाकडी, गेल्या पावसात ढासळलेली आणि पुन्हा रचलेली. मग त्यांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं. तांबड्या मातीने माखलेले, एका टाचेला खरचटलेले.

"तुमी अनवानी आलासा?"

"ह्यांच्या वाटेवर चप्पल टिकत नाय," काकू म्हणाल्या.

आबांनी पुन्हा एकदा वाट न्याहाळली. मग घसा खाकरून म्हणाले, की मग खरंच वाट दगडांचीच दिसते, हे कंडक्टर काही खोटं बोलत नव्हते. एवढं त्यांच्या तोंडून निघणं म्हणजे आमच्या घरात लेखी माफीच्या वरचं असतं. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, मी डोळे पुसले.

आणि तेव्हा काकांनी पिशवी उघडली. वर्तमानपत्र सोडलं, त्याची नीट घडी घालून खिशात ठेवली आणि तो जोड काकूंच्या पुढ्यात मांडला.  आम्ही सगळे कुठे बघावं ते न कळून त्या दातवाल्या माशाकडे बघत राहिलो. काकूंनी पाय आत सरकवले. टाचा मागून बाहेर येत होत्या, कारण चपला घेतल्या तेव्हाचे पाय वेगळे होते. पण त्या उठल्या आणि घाटी उतरायला लागल्या. पुढे काका, बांबूच्या कठड्यावर हात ठेवून, पाठमोरे सुद्धा असे दिसत होते की कोणीतरी त्यांना पुन्हा ड्युटीवर घेतलंय.

पहिल्याच वळणावर उजव्या चपलेचा तळ सुटून पडला. त्याच्या पुढच्या पायरीवर डावीचा. वर्षानुवर्षं न वापरता नुसतं हिंडवून, ऊन आणि खारा वारा खाऊन आतला गोंद कधीच मरून गेला होता. काकूंच्या पायात नुसते वरचे पट्टे राहिले, एखाद्या दागिन्यासारखे.

 काका खाली पडलेल्या तळाकडे बघत होते. त्यांचा चेहरा बघवेना. "नव्या होत्या," ते म्हणाले.

"कधी?" काकूंनी विचारलं.

आणि त्या हसायला लागल्या. पायरीवर बसून, कपाळाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मी, मग नवरा, आणि काही न कळता मुलगी. काका आधी घाबरले आणि मग एकदम असे हसले की इतका वेळ सांभाळलेलं पान घाटीत पडलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी खाली बसून आपल्या त्या जाडजूड वहाणा काढल्या, झटकल्या आणि काकूंपुढे ठेवल्या. "ह्या घाला ताई," ते म्हणाले. "घाटी वहाणा हायेत. तुटायच्या न्हाईत."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि इतक्या ऐटीत तर कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. काकूंनी त्या घातल्या. पाय आत होड्यांसारखे हलत होते, तरी त्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या. मध्ये मध्ये थांबून विचारत होत्या, हा कठडा कोणी केला, हा दगड कोणी बसवला. काका दरवेळी "मी" म्हणत आणि आणखी थोडे ताठ होत. आबा मागून अनवाणी, आरामात. खाली गेल्यावर ते नातीला घेऊन तसेच समुद्रात शिरले. घावणे गार झाले होते आणि चटणीला वाळू लागली होती, पण कोणी तक्रार केली नाही.

आबा संध्याकाळच्या गाडीने गेले नाहीत. पुढच्या रविवारीही ते होते, बाजारातून आणलेल्या रबरी सपाता घालून, कारण वहाणा काकूंनी परत दिल्या नव्हत्या. त्या दिवशी लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातले एक गृहस्थ बायकोमुलांना घेऊन आले होते. जोडून सुट्टी मिळाली म्हणून आरे-वारेला निघालेले, पाटी वाचून थांबलेले. फाटकाशी काकू उभ्या होत्या, पदर खोचून, पायात त्या वहाणा. डबे रिक्षावाल्याकडे देऊन झाले होते.

गृहस्थांनी विचारलं की किती लांब आहे. काकांनी तोंड उघडलं, पण काकूच म्हणाल्या, "लांब हाय. चढ हाय. पाय दुखतील. ह्यांचं काय ऐकू नका."

गृहस्थ गोंधळले. त्यांनी पाटीकडे बोट केलं. सोपी वाट, खास फॅमिलीसाठी असं लिहिलंय, मग ही नक्की कोणासाठी आहे, असं त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी पान या गालातून त्या गालात नेलं. किल्ल्यांचा जुडगा दांडीवर दोनदा आपटला. मग काकूंकडे हात करून, भर रस्त्यात, सगळ्या उतारूंसमोर म्हणाले, "हिच्यासाठी."

काकू लाजल्या, नि लाज झाकायला भराभर पुढे चालू लागल्या. पुढे चढ होता.